जुन्या नाण्यांतील ठसाभेद कसे शोधावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या डब्यांत, थैल्यांत आणि अल्बममध्ये साठलेली नाणी बारकाईने तपासू लागलेल्या वाचकांकडून जे प्रश्न सतत येतात, ते येथे सोप्यापासून अवघडाकडे या क्रमाने एकत्र केले आहेत. उदाहरणे भारतातील नाण्यांची आहेत : मुख्यतः ब्रिटिशकालीन रुपये आणि तांब्याची नाणी, काही स्वातंत्र्यानंतरची. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ठसाभेद म्हणजे नेमके काय? नव्या डिझाइनचे नाणे म्हणजेही ठसाभेदच का?

ज्या पोलादी ठशाने नाणे पाडतात त्याला टांकसाळीत आणि संग्राहकांत डाय म्हणतात. मूल्य, वर्ष, टांकसाळ आणि ठरवलेली आकृती एकच असूनही दोन ठशांच्या घडणीत लहानसा फरक राहतो, आणि त्या त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तो उमटतो. हा ठसाभेद. आकृतीच जाणूनबुजून बदलली असेल, तर तो नवा प्रकार होय. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील अलंकारमालेतला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली, ते रुपये मागे घेतले गेले आणि १९१२ पासून सुधारलेला हत्ती आला. संग्राहक आजही पहिल्या नाण्याला ‘पिग रुपी’ म्हणतात. १९६४ च्या नेहरूंच्या ५० पैशांवर एकदा इंग्रजी आणि एकदा देवनागरी मजकूर आहे. ही दोन्ही उदाहरणे प्रकारभेदाची आहेत. ठसाभेद त्याहून बारीक असतो : फुलाची पाकळी आखूड असणे, वर्षाखाली एक टिंब जास्त असणे, अंकाचा आकार थोडा वेगळा असणे, मानेवरचे आद्याक्षर उठावाऐवजी खोल असणे.

२. एकाच टांकसाळीत, एकाच वर्षी पाडलेल्या नाण्यांत फरक येतोच कसा?

एका ठशावर सगळी नाणी पडत नाहीत. ठसा झिजतो, त्याला तडा जातो, तो बदलावा लागतो. त्यामुळे एका मूल ठशावरून अनेक कामाचे ठसे तयार केले जातात. एकोणिसाव्या शतकात आकृतीचा मोठा भाग मूल ठशावरून येई, पण वर्षाचे अंक, आद्याक्षरे किंवा टांकसाळीची खूण पुष्कळदा प्रत्येक कामाच्या ठशावर हातोडी आणि छोट्या पंचने (टोकाला अंक किंवा अक्षर असलेल्या पोलादी खिळ्याने) वेगळी ठोकली जाई. हात थोडा हलला की अंक तिरपा होई, चुकीचा अंक ठोकून त्यावर दुरुस्ती केली की खालच्या अंकाची रेघ शिल्लक राही. शिवाय मूल ठसाच झिजून नवा कोरला गेला, तर कोरणारा कारागीर जुन्याची हुबेहूब नक्कल करू शकत नसे. पाने, फळे, केसांच्या बटा यांत फरक पडे. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या टांकसाळी एकाच आकृतीची नाणी स्वतंत्रपणे पाडत असल्याने तेथेही असे फरक साचत गेले.

३. यासाठी कोणती साधने लागतात?

दहा पट मोठे दाखवणारे चांगल्या काचेचे भिंग, बाजूने तिरका उजेड पाडता येईल असा टेबलावरचा दिवा, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि व्हर्नियर कॅलिपर एवढे पुरते. उजेड वरून थेट पडला की उठाव सपाट दिसतो. तो बाजूने पडला आणि नाणे हळूहळू फिरवले की सावल्या सरकतात आणि टिंब खरे आहे की डाग, हे लगेच समजते. यूएसबी मायक्रोस्कोप नोंदीसाठी उपयोगी आहे, पण शोधाची सुरुवात त्याने करू नये. फार मोठे करून पाहिले की प्रत्येक ओरखडा महत्त्वाचा वाटू लागतो.

४. तपासण्यापूर्वी नाणी चिंच, लिंबू किंवा राखेने घासून स्वच्छ करावीत का?

मुळीच करू नयेत. आम्लाने तांब्याचा वरचा थर खाल्ला जातो आणि घासण्याने उठावाच्या कडा गोल होतात. ज्या कडांवरून ठसाभेद ओळखायचा, त्याच नाहीशा होतात. घासलेल्या चांदीच्या रुपयावर बारीक समांतर रेघा उमटतात आणि अनुभवी संग्राहक त्या दुरूनच ओळखतो. मळ फार असेल तर नाणे साध्या पाण्यात ठेवावे, न घासता मऊ कापडावर टिपून कोरडे करावे आणि तेवढ्यावर थांबावे.

५. आजोबांच्या डब्यात शेकडो नाणी आहेत. सुरुवात कोठून करावी?

आधी मूल्यानुसार, मग वर्षानुसार, मग टांकसाळीनुसार वाटणी करावी. ही वाटणी पुरी होईपर्यंत भिंग हातात घेऊ नये. त्यानंतर ज्या गटात किमान तीन-चार नाणी आहेत तो एक गट निवडावा आणि त्यातली सर्व नाणी एकाच दिशेने मांडून, दर वेळी एकच जागा पाहत जावे : आधी सर्वांचे वर्ष, मग सर्वांची अक्षरे, मग फुले किंवा पाने, मग मानेचा छाट, म्हणजे चित्रातली मान जेथे कापलेली दिसते ती कड. एक नाणे पूर्ण पाहून दुसऱ्याकडे वळण्यापेक्षा ही रीत फार भरवशाची आहे, कारण ठसाभेद एकट्या नाण्यात दिसत नाही, शेजारच्या नाण्याशी ताडून पाहिल्यावरच दिसतो.

सरावासाठी घरातली मौल्यवान नाणी लागत नाहीत. २०११ च्या जूनअखेर चलनातून गेलेली २५ पैसे आणि त्याखालची नाणी बाजारात किलोवर मिळतात. अशा ढिगातली एकाच वर्षाची नाणी तासभर पाहिली तर डोळ्यांना जे वळण लागते, ते नुसत्या कॅटलॉगने लागत नाही.

६. एखादी रेघ किंवा टिंब ठशाचे आहे की नंतर बसलेल्या माराचे, हे कसे ओळखावे?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. ठशावर जे खोल असते ते नाण्यावर उठून येते. ठशाला तडा गेला, टवका उडाला किंवा कोरणाऱ्याचे हत्यार घसरले, तर ठशावर खाच पडते आणि नाण्यावर उंच रेघ किंवा गाठ उमटते. याउलट नाणे पडून बाहेर आल्यावर त्याला जो मार बसतो तो धातू आत दाबतो. म्हणून जादा दिसणारी खूण भिंगाखाली उंच असेल तर ती बहुधा ठशाची, खोल असेल तर बहुधा नंतरची. तडा साधारणपणे कडेपासून निघून अक्षरांच्या डोक्यावरून जातो आणि त्याची उंची सलग असते. ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना मात्र सारलेल्या धातूची बारीक वरंबी दिसते. तिलाच ‘उठाव’ समजून पुष्कळजण फसतात.

या नियमाला तीन अपवाद आहेत. पहिला म्हणजे मुद्दाम खोल ठेवलेली अक्षरे : १८३५ च्या चौथ्या विल्यमच्या रुपयावर मानेच्या छाटावर ‘एफ’ हे आद्याक्षर काही ठशांत खोल, काहींत उठावाचे आहे, आणि ‘आर एस’ असलेलेही नाणे मिळते. ही कलकत्ता टांकसाळीचे प्रमुख फोर्ब्स आणि सॉन्डर्स यांची अक्षरे. दुसरा अपवाद झाळेचा, म्हणजे कडी जोडण्यासाठी वितळवून लावलेल्या धातूचा. आपल्याकडे रुपयांना कडी लावून माळेत ओवण्याची पद्धत होती. कडी काढली तरी झाळेचा थेंब कडेलगत राहतो. तो उंच असतो, पण ठशाशी त्याचा काही संबंध नसतो. त्याचा रंग नाण्याहून किंचित पिवळट किंवा करडा असतो आणि त्याला ठरावीक आकार नसतो. तिसरा अपवाद भरलेल्या ठशाचा : ठशाच्या खाचेत तेल आणि धातूचा चुरा साचला की त्या जागचे अक्षर पुसट येते किंवा येतच नाही. न उमटलेले अक्षर हा ठसाभेद मानू नये, कारण ठसा पुसला की ते पुन्हा उमटते.

७. माझ्या नाण्यावर अक्षरे दुहेरी दिसतात. हा दुहेरी ठसा आहे का?

बहुतेक वेळा नाही. नाणे पडत असताना ठसा किंचित सरकला तर अक्षराची एक बाजू खरवडली जाऊन तेथे पायरीसारखी सपाट कड तयार होते. मूळ अक्षर त्यामुळे बारीक होते. याला यांत्रिक दुहेरीपणा म्हणतात आणि तो नाण्यागणिक बदलतो. खरा दुहेरी ठसा वेगळ्या रीतीने घडतो : कामाचा ठसा तयार करताना मूल ठशाचा दाब एकापेक्षा जास्त वेळा दिला जाई, आणि दुसरा दाब पहिल्यावर तंतोतंत बसला नाही तर आकृती ठशातच दोनदा कोरली जाई. अशा नाण्यावर अक्षर जाड होते, दोन्ही प्रतिमांना गोलाई आणि उंची असते, आणि अक्षरांच्या टोकांना स्पष्ट फाटे दिसतात. १९५५ चा अमेरिकी सेंट हे याचे जगप्रसिद्ध उदाहरण आहे. भारतातल्या आधुनिक नाण्यांवर दिसणारा बहुतेक दुहेरीपणा पहिल्या जातीचा आहे. शंका असल्यास तोच दुहेरीपणा, त्याच दिशेने, दुसऱ्या नाण्यावर सापडतो का ते पाहावे.

८. टांकसाळीची चिन्हे वेगळी असली तर तो ठसाभेद धरावा का?

टांकसाळ वेगळी असणे हा ठसाभेद नाही. तो वाटणीचा पाया आहे. पण एकाच टांकसाळीचे चिन्ह वेगळ्या आकाराने किंवा वेगळ्या जागी आले, तर तो ठसाभेद होतो. व्हिक्टोरियाच्या उत्तरकाळातील मुंबईच्या रुपयांवर ‘बी’ हे रोमन अक्षर कधी उठावाचे, कधी खोल आहे. पंचम जॉर्जच्या काळात मुंबईची खूण म्हणजे मागील बाजूस तळाच्या कमळाखालचे बारीक उंच टिंब. कलकत्त्याच्या नाण्यावर खूण नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबईने वर्षाखाली चौकट (पत्त्यांतल्या चौकटीसारखी खूण) वापरली, हैदराबादने आधी दुभंगलेली चौकट, मग मध्ये टिंब असलेली चौकट आणि नंतर पाच टोकांचा तारा वापरला, नोएडाने गोल टिंब घेतले आणि कोलकाता बिनखुणेचे राहिले.

झिजलेली चौकट गोल टिंबासारखी दिसते. नोएडाची टांकसाळ १९८८ पासूनची आहे, म्हणून त्याआधीच्या प्रजासत्ताक नाण्यावर गोल टिंब दिसले तर नोएडा म्हणण्यापूर्वी तिरक्या उजेडात चौकटीचे कोपरे शोधावेत.

९. १८६२ चे रुपये इतके वेगवेगळे का असतात, आणि ते कसे लावावेत?

ठसाभेद शिकायला भारतात याहून चांगले नाणे नाही, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ते आजही आहे. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. अकरा बारांश शुद्ध चांदी. यावर वर्ष १८६२ असले तरी ते त्याच वर्षी पाडलेले असेलच असे नाही. जुन्या सनाच्या रुपयावर सराफ बट्टा आकारत. तो प्रकार थांबावा म्हणून सन गोठवण्यात आला आणि १८७४ पर्यंत रुपये १८६२ चेच वर्ष घेऊन बाहेर पडत राहिले. मुंबईच्या टांकसाळीने मात्र आपल्या नोंदीसाठी ठशावर बारीक टिंबे दिली. त्या टिंबांच्या संख्येवरून रुपया प्रत्यक्षात कोणत्या वर्षी पडला हे कळते, असा अभ्यासकांनी स्वीकारलेला अर्थ आहे.

तपासणी तीन टप्प्यांत करावी. पहिला टप्पा व्हिक्टोरिया राणीच्या चित्राचा. झग्याच्या पुढच्या उभ्या पट्टीतले नक्षीचे खण वरून खाली मोजावेत : एका चित्रात चार खण आहेत, दुसऱ्यात पावणेचार, म्हणजे शेवटचा खण अर्धवट कापलेला आहे. कॅटलॉगमध्ये यांना ए आणि बी चित्र म्हणतात. दुसरा टप्पा मागील बाजूच्या वरच्या फुलाचा : एका ठशात फूल मोठे असून त्याच्या दोन मोठ्या पाकळ्या लांब आणि खाली वळलेल्या आहेत, दुसऱ्यात फूल लहान असून त्या पाकळ्या आखूड आणि आडव्या आहेत. तिसरा टप्पा टिंबांचा. मजकुराच्या वर आणि वर्षाच्या खाली अशा दोन्ही जागा पाहाव्यात आणि वरची संख्या आधी, खालची नंतर अशी नोंद करावी. ‘वर दोन, खाली शून्य’ आणि ‘वर शून्य, खाली दोन’ हे दोन वेगळे रुपये आहेत.

अडचण टिंबे मोजण्यातच येते. ती इतकी बारीक असतात की थोड्या झिजेने पुसली जातात, आणि नक्षीच्या टोकाचा ठिपका टिंब समजून मोजला जातो. म्हणून शक्य असल्यास कमी झिजलेला बिनटिंबी रुपया शेजारी ठेवावा आणि त्यावर नसलेले तेवढेच टिंब धरावे. टिंबे सारख्या अंतरावर, एका ओळीत आणि गोल असतात. एकटे, ओळीबाहेरचे टिंब ठशाचा टवका असण्याची शक्यता जास्त. रुपया इतका झिजला असेल की संख्या ठरत नाही, तर वहीत ‘अनिश्चित’ लिहावे. खोट्या खात्रीने लिहिलेला आकडा पुढच्या प्रत्येक तुलनेत घोटाळा करतो.

१०. १८४० च्या रुपयावर फळे मोजतात म्हणजे काय?

व्हिक्टोरियाच्या १८४० च्या रुपयाचे दोन मोठे गट आहेत : एकात राणीचे नाव आणि पदवी डोक्यावरून सलग जाते, दुसऱ्यात ती डोक्याच्या दोन बाजूंना विभागलेली आहे. हा सनही पुढे गोठलेलाच राहिला आणि १८६२ चे नाणे येईपर्यंत चालला. मागील बाजूच्या पानांच्या वेढ्यात बारीक गोल फळे आहेत. त्यांची संख्या ठशागणिक बदलते. कॅटलॉगमध्ये १९, २८, ३४ आणि ३५ असे आकडे दिसतात. मोजताना खालच्या गाठीपासून सुरुवात करून आधी डावी फांदी वरपर्यंत, मग उजवी फांदी वरपर्यंत मोजावी आणि दोन्ही आकडे वेगळे लिहावेत, कारण ३४ की ३५ हा वाद नेहमी एका झिजलेल्या फळावर येऊन थांबतो. फळाला लागून देठ असतो. फळ झिजले तरी देठाची सुरुवात पुष्कळदा शिल्लक राहते. ती दिसली तर फळ होते असे धरता येते.

याच गटात मानेच्या छाटावरची अक्षरेही पाहावीत. ‘डब्ल्यू डब्ल्यू’ ही विल्यम वायन या कोरणाऱ्याची आद्याक्षरे. ती उठावाची की खोल, आणि त्यांच्यापुढे आणखी अक्षर आहे का, हे लिहून ठेवावे.

११. तांब्याच्या नाण्यांत काय पाहावे?

१८५८ च्या पाव आण्यावर वेढ्याच्या वरच्या टोकाला एक पान आहे की दोन, ते पाहावे. हे दोन वेगळे ठसाभेद म्हणून नोंदलेले आहेत. १९४३ पासूनच्या भोकाच्या पैशात मुकुटाचा आकार आणि वर्षाजवळची खूण या दोन गोष्टी आधी लावाव्यात. युद्धकाळात हा पैसा कलकत्ता, मुंबई आणि लाहोर यांच्याबरोबर दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया येथेही पडला, आणि मुंबई व प्रिटोरियाच्या खुणा एकमेकींत मिसळतात. भोक मध्यावर नसणे हा ठसाभेद नाही; ते नाणे पाडण्याआधीच्या कोऱ्या चकतीला पडलेले भोक आहे, ठशाचे नव्हे.

१२. स्वातंत्र्यानंतरच्या साध्या नाण्यांत शोधण्यासारखे काही आहे का?

पुष्कळ आहे, आणि हे क्षेत्र अजून पुरते धुंडाळलेले नाही. १९७२ पासूनच्या २५ पैशांत अशोकस्तंभाच्या सिंहांच्या नाकांमधले अंतर मोजून प्रकार वेगळे केले जातात. येथे व्हर्नियर लागतोच. अल्युमिनियमच्या २ पैशांत ‘२’ या अंकाची उंची थोडी वेगळी असलेले प्रकार आहेत. परदेशात पाडून घेतलेली नाणी वेगळी काढावीत : १९८५ च्या रुपयावर बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा ‘एच’, नव्वदच्या दशकाअखेरच्या नाण्यांवर स्लोवाकियातील क्रेमनित्साची ‘एम के’ ही अक्षरे, मेक्सिकोचा डोक्यावर शून्य असलेला ‘एम’, मॉस्कोची रशियन लिपीतील तीन अक्षरे. प्रश्न ८ मध्ये सांगितल्याप्रमाणे हे टांकसाळभेद आहेत. प्रत्येक गटाच्या आतला शोध त्यानंतर सुरू होतो.

अल्युमिनियमच्या नाण्यांवर जाड, पसरट झालेली अक्षरे आणि कडेकडे धावणाऱ्या बारीक रेघा खूप दिसतात. ही ठशाच्या झिजेची लक्षणे आहेत. ठसा एकच, त्याचे वय वेगळे. त्यासाठी नवी नोंद करू नये.

१३. कडेवरचा फरक ठसाभेदात येतो का?

काटेकोरपणे पाहिले तर नाही, कारण कड दोन्हींपैकी कोणत्याच ठशाने घडत नाही. ती ठशांभोवतीच्या कड्याने किंवा त्याआधीच्या वेगळ्या यंत्राने घडते. तरी कॅटलॉग ती वेगळी नोंदतात आणि ते योग्यच आहे. १९९२ पासूनच्या पाच रुपयांच्या जाड तांबे-निकेलच्या नाण्यात खाचेची सुरक्षा-कड आणि साधी दातेरी कड असे दोन्ही प्रकार आहेत. अल्बमच्या खिशात ठेवलेल्या नाण्याची कड दिसत नाही, म्हणून असे कितीतरी प्रकार वर्षानुवर्षे न ओळखता पडून राहतात.

१४. नाणे उलटल्यावर मागची बाजू वाकडी दिसते. हे दुर्मीळ आहे का?

प्रजासत्ताक भारताच्या नाण्यांवर दोन्ही बाजूंचा माथा एकाच दिशेला येतो. नाणे पुस्तकाच्या पानासारखे उलटले की मागची बाजू सरळ दिसली पाहिजे. ठसा यंत्रात सैल बसून फिरला तर ती तिरपी येते. थोडेसे फिरणे नेहमीचे आहे. ९० किंवा १८० अंशांपर्यंत फिरलेले नाणे जपून ठेवण्याजोगे, पण ते ठसा बसवण्यातल्या दोषाचे उदाहरण आहे, ठसाभेदाचे नाही.

१५. शिवराईला हीच रीत लागू पडते का?

नाही, आणि हा फरक समजून घेणे आवश्यक आहे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असलेली शिवराई हाताने ठोकलेले तांब्याचे नाणे आहे. तिचा प्रत्येक ठसा स्वतंत्रपणे हाताने कोरलेला, त्यामुळे येथे मूळ आकृतीपासूनचा ‘किरकोळ फरक’ अशी गोष्ट उरत नाही. प्रत्येक ठसा हाच एक वेगळा नमुना असतो. ऱ्हस्व-दीर्घाचे भेद, अक्षरांचे वळण, ओळींमधली रेघ, कडेची टिंबे आणि मध्ये आलेली छोटी चिन्हे यांवरून गट पडतात; दोन आडव्या रेघांच्या शिवराईला दुदांडी म्हणतात. महाराजांच्या नावाची ही नाणी त्यांच्या पश्चातही दीर्घकाळ पडत राहिली, म्हणून नावावरून काळ ठरवता येत नाही.

शिवराईची चकती बहुधा ठशापेक्षा लहान असते. एका नाण्यावर ‘छत्र’ पुरते येते आणि ‘पति’ निम्मे बाहेर जाते. त्यामुळे येथील खरे काम म्हणजे एकाच ठशाची अनेक नाणी शोधून त्यांवरून तो पूर्ण ठसा कागदावर पुन्हा जुळवणे. अक्षर चकतीबाहेर गेले म्हणून ‘नवे शुद्धलेखन’ जाहीर करण्याची घाई येथे फार होते. मात्रा किंवा वेलांटीची पूर्ण रेघ नाण्यावर दिसत असेल, तरच ती मोजावी.

१६. कॅटलॉगमध्ये नसलेला फरक मला सापडला आहे. तो नवा ठसाभेद मानावा का?

दोन अटी पुऱ्या झाल्या तर. फरक प्रश्न ६ आणि ७ च्या कसोट्यांवर टिकला पाहिजे, आणि तोच फरक, त्याच जागी, दुसऱ्या नाण्यावर सापडला पाहिजे. शक्यतो ते दुसरे नाणे वेगळ्या संग्रहातले असावे. एकटे नाणे कितीही चमत्कारिक असले तरी ते फक्त शंकेला जागा देते. दुसरे नाणे सापडायला वेळ लागतो आणि हा वेळ द्यायला हवा. भारतीय नाण्यांच्या याद्यांत एकट्या झिजलेल्या नाण्यावरून शिरलेल्या नोंदी काढून टाकायला पुढच्या अभ्यासकांना फार कष्ट पडतात.

बनावटीचाही विचार करावा. ओतीव बनावट रुपयाच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे असतात, उठावाच्या कडा मऊ असतात आणि वजन ११.६६ ग्रॅमशी जुळत नाही. अंक कोरून बदललेली नाणीही येतात. १९३९ चा रुपया अत्यंत दुर्मीळ असल्याने तेथे शेवटच्या अंकाभोवतीचा पृष्ठभाग विशेष पाहावा. तुलनेसाठी मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे मुद्रा संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्था ही महाराष्ट्रातली भरवशाची ठिकाणे आहेत.

१७. नोंद कशी ठेवावी?

प्रत्येक नाण्याला क्रमांक द्यावा आणि मूल्य, वर्ष, टांकसाळ, वजन, व्यास, कड, ठशाच्या खुणा व नाणे कोठून आले, हे एका ओळीत लिहावे. खुणेची जागा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगावी : ‘मागील बाजू, चारच्या ठिकाणी कडेपासून अक्षरापर्यंत उंच रेघ’. छायाचित्र दोनदा, उजेडाची दिशा बदलून घ्यावे. ‘कोठून आले’ हा रकाना रिकामा ठेवू नये. एकाच थैलीतून आलेल्या नाण्यांत एकाच ठशाची नाणी सापडण्याचा संभव जास्त असतो.

१८. ठसाभेदामुळे नाण्याची किंमत वाढते का? इंटरनेटवर लाखांचे आकडे दिसतात.

काही ठसाभेदांना चांगली मागणी आहे, विशेषतः १८६२ च्या रुपयातील विरळ टिंबसंख्यांना. पण बहुसंख्य ठसाभेदांची किंमत साध्या नाण्याइतकीच असते, आणि नाण्याची अवस्था त्याहून जास्त महत्त्वाची ठरते. साध्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये देण्याच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही. विक्रीपूर्वी कोणी ‘नोंदणी शुल्क’ मागितले तर तेथेच थांबावे.

१९. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांकडे १८६२ चा रुपया तपासायला पाठवता येईल का?

नाही. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार १०० वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावशेष ठरते, आणि खासगी व्यक्तीला ते टपालाने किंवा सामानातून देशाबाहेर नेता येत नाही. १८६२ चे, १८४० चे आणि १९११ चे रुपये या कक्षेत येतात. सहाव्या जॉर्जची नाणी अजून आलेली नाहीत. परदेशातल्या मराठी कुटुंबांकडे पूर्वीच गेलेले असे रुपये पुष्कळ आहेत. त्यांच्याशी तुलना करायची असेल तर प्रश्न १७ मधील पद्धतीने दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे, वजन आणि टिंबांची किंवा फळांची मोजणी एकमेकांना पाठवावी; ठसा जुळतो की नाही हे ठरवायला बहुतेक वेळा तेवढे पुरते.